हरणं परवडतं कुणाला? पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाहत्याचा राग समजून घेताना

१८ मे २०२५, फिलाडेल्फिया. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पॉल स्कीन्स पहिल्या इनिंगला चेंडू हातात घेतो आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाकडे देत नाही. अख्खा सामना एकट्यानं टाकतो. समोरच्या संघाला मिळते एक धाव, फक्त एक. आणि पायरेट्स १-० असे हरतात.

सामना संपल्यावर मी सांगलीला आईला फोन केला. आवाजावरूनच तिच्या लक्षात आलं. "अरे, एवढा जीव जळतो तर बघतोस कशाला? दुसरा संघ धर ना एखादा," ती म्हणाली. मी काहीतरी उत्तर देऊन विषय बदलला. पण प्रश्न रास्त होता, आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता: एवढा चांगला पिचर असलेला संघ वर्षानुवर्षं तळाशी कसा राहतो? जगातल्या कुठल्याही धंद्यात सतत इतकं वाईट काम करणारा माणूस टिकत नाही. मग हा संघ कसा टिकतो?

त्याचं उत्तर मैदानात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. ती वही मी गेली काही वर्षं वाचतोय, आणि बेसबॉल कधीच न पाहिलेल्यालाही ती समजेल अशी मांडायचा हा प्रयत्न.

आधी थोडा खेळ. सामना नऊ इनिंगचा. पिचर चेंडू टाकतो, बॅटर तो मारून चार बेस पालथे घालत परत घरी येतो, म्हणजे एक धाव. पिचर कितीही थोर असला तरी त्याच्या हातात समोरच्याच्या धावा रोखणं एवढंच असतं, स्वतःच्या संघासाठी धावा काढणं नाही. २०२५ मध्ये स्कीन्सनं दर नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा दिल्या. दोनच्या खालचा आकडा म्हणजे अख्ख्या कारकिर्दीत एकदा जमला तरी पिचर धन्य मानतो. अमेरिकेतलं मोठं बेसबॉल दोन लीगमध्ये विभागलेलं आहे. त्यातल्या नॅशनल लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला. तरी त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? दहा. संघाचा हिशेब ७१ विजय, ९१ पराभव.

ही एका वर्षाची गोष्ट असती तर मी लिहायला बसलो नसतो. १९९३ पासून २०२५ पर्यंत ३३ हंगाम झाले. त्यातल्या फक्त चार हंगामांत पायरेट्सचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते: २०१३, २०१४, २०१५ आणि २०१८. त्याआधीची १९९३ ते २०१२ ही सलग वीस वर्षं तर एकदाही नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत सलग पराभूत हंगामांचा एवढा मोठा पट्टा दुसऱ्या कुठल्याच संघाच्या नावावर नाही. १९९३ साली जन्मलेलं मूल शाळेत गेलं, शाळा संपली, मतदान करायला लागलं, तरी त्यानं आपला संघ बरा खेळलेला एक हंगाम पाहिला नव्हता.

आणि हा काही कालपरवाचा संघ नाही. नॅशनल लीगमध्ये तो १८८७ पासून आहे. पाच वेळा जगज्जेता: १९०९, १९२५, १९६०, १९७१, १९७९. भारताशीही त्याचा एक धागा आहे. भालाफेक करणारी उत्तर प्रदेशातली दोन मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका चेंडूफेक स्पर्धेतून निवडली गेली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांच्याशी करार केला तो याच पायरेट्सनं. तेव्हा ती बातमी वाचून पिट्सबर्ग हे नाव माझ्या डोक्यात पहिल्यांदा बसलं होतं. पुढे शिक्षणासाठी याच गावात येईन हे ठाऊक नव्हतं.

इथल्या जुन्या माणसांना कुठून बिघडलं असं विचारा, बहुतेक सगळे एकच तारीख सांगतात: १४ ऑक्टोबर १९९२. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना, अटलांटात. शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा पायरेट्स २-० पुढे होते. तीन गडी बाद केले की थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली जगज्जेतेपदाची लढत. दोन बाद झाले. मग अटलांटाच्या राखीव फळीतला फ्रान्सिस्को कब्रेरा बॅट घेऊन आला आणि त्यानं चेंडू डावीकडे मारला. तिथे उभा होता बॅरी बाँड्स, त्या काळातला बहुधा सर्वांत मोठा खेळाडू. दुसऱ्या बेसवरून घराकडे पळत होता सिड ब्रीम. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला, मैदानातला सगळ्यांत मंद धावणारा माणूस. बाँड्सनं चेंडू फेकला, ब्रीम घसरत आला, काही इंचांनी पोहोचला. ३-२. हंगाम संपला.

आता त्या दोघांकडे नीट बघा. ब्रीम आधी पायरेट्सचाच खेळाडू होता. १९९० च्या हंगामानंतर करार संपला आणि तो अटलांटाला गेला. बाँड्सचा करार त्या रात्रीनंतर संपला, आणि काही आठवड्यांतच त्यानं सॅन फ्रान्सिस्कोशी सहा वर्षांसाठी ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. त्या घसरगुंडीच्या दोन्ही टोकांना पिट्सबर्गनं राखू न शकलेला माणूस होता. पुढच्या तीस वर्षांची गोष्ट त्या एका चित्रात मावते.

संघ आपला माणूस का राखू शकत नाही, हे समजायला पगाराची पद्धत माहीत असावी लागते. आयपीएलमध्ये सगळ्या संघांना खर्चाची सारखीच मर्यादा असते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे जिथे तीस संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात तिथे, अशी सक्त मर्यादा नाही. एका रकमेच्या वर गेलात तर कर भरायचा, एवढंच. २०२५ साली ती रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. लॉस एंजेलिस डॉजर्सनं ती ओलांडून ३० कोटींहून अधिक पगार दिला. पायरेट्सचा आकडा ९ कोटींच्या आसपास. वरची मर्यादा ढिली आहे आणि खालून किमान अमुक खर्च कराच, अशी अट तर नाहीच.

डॉजर्सकडे एवढा पैसा येतो कुठून? मुख्यतः टीव्हीवरून. इथे देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांचे पैसे सगळ्यांत सारखे वाटले जातात, पण रोजचे सामने आपापल्या भागातल्या वाहिनीवर दिसतात आणि तो करार ज्याचा त्याचा. डॉजर्सचा असा करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. पिट्सबर्ग हे पोलादाच्या गिरण्या बंद पडल्यावर आक्रसलेलं शहर. तेवढी घरं, तेवढे टीव्ही इथे नाहीत. इथपर्यंतची अडचण खरी आहे, तीबद्दल मी मालकांना दोष देत नाही.

ही दरी कमी व्हावी म्हणून लीगनं एक सोय केली आहे. प्रत्येक संघानं आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका सामाईक गंगाजळीत टाकायचे आणि ती गंगाजळी तिसांत समान वाटायची. ऐकायला न्याय्य वाटतं, आणि आहेही. पण चाहत्याचा राग जिथून उगवतो ती जागा नेमकी इथेच आहे, म्हणून जरा थांबून आकडे मांडू.

सोपेपणासाठी तीनच संघ धरू, आणि ४८ ऐवजी निम्मे. त्यांची कमाई ५००, २४० आणि १०० रुपये. निम्मे म्हणजे २५०, १२० आणि ५० गंगाजळीत गेले. बेरीज ४२०, प्रत्येकाला परत १४०. आता मोठ्याकडे ३९०, मधल्याकडे २६० आणि लहानाकडे १९० रुपये. लहान संघाचे १०० चे जवळजवळ दुप्पट झाले, त्यानं एकही सामना जिंकला नसला तरी.

पुढची पायरी महत्त्वाची. समजा लहान संघानं ठरवलं, चांगले खेळाडू घेऊ, जिंकू, लोक येतील. त्यानं ५० रुपये खर्च केले, संघ सुधारला, मैदान भरलं आणि कमाई १०० ची १६० झाली. साठ वाढले, पन्नास गेले, दहा उरले? तसं होत नाही. वाढलेल्या साठातलेही निम्मे गंगाजळीत जातात. पुन्हा वाटप केलं तर त्याच्याकडे १९० चे २३० होतात, म्हणजे चाळीसच वाढले. खर्च मात्र पूर्ण पन्नास, तो कुणी वाटून घेत नाही. जिंकायचा प्रयत्न करून तो दहा रुपयांनी खड्ड्यात गेला. खऱ्या लीगमध्ये संघ तीस असल्यामुळे परत येणारा वाटा आणखी बारीक असतो. जिंकून जास्त कमावलेल्या एका डॉलरमधले सुमारे ५४ सेंटच हाती उरतात.

गरीब संघाला तगवायला केलेली व्यवस्था त्याच संघाच्या मालकाला शांतपणे सांगते की तू आहेस तिथे बरा आहेस. त्यासाठी मालक खलनायक असायची गरज नाही, नुसता सावध व्यापारी असला की पुरतं.

या गंगाजळीचे पैसे संघ सुधारण्यासाठीच वापरायचे, असा नियम खेळाडू आणि मालकांच्या सामूहिक करारात आहे. पण सुधारणा कशाला म्हणायचं? तरुणांच्या प्रशिक्षणावर, परदेशातल्या अकादमीवर, असं बरंच काही दाखवता येतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं चार संघांविरुद्ध याबद्दल रीतसर तक्रार केली. त्यातला एक पायरेट्स. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये संघाची आर्थिक कागदपत्रं बाहेर फुटली होती. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून पायरेट्सनं सुमारे २ कोटी ९४ लाख डॉलर नफा कमावल्याचं त्यातून दिसलं. दोन्ही वर्षी संघ हरत होता. ज्यांनी ते कागद वाचले त्यांच्यासाठी "आमच्याकडे पैसे नाहीत" हे वाक्य त्या दिवशी संपलं.

आणि नफा ही तर लहान बाब. १९९६ मध्ये केविन मॅक्लॅची यांच्या गटानं हा संघ घेतला तेव्हा किंमत होती नऊ-साडेनऊ कोटी डॉलर. बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत. आज संघाची किंमत १०० कोटी डॉलरच्या वर धरली जाते. मधल्या काळात संघ बहुतेक वर्षं हरला. पण संघ तीसच आहेत, १९९८ नंतर कुणी वाढवलेले नाहीत, आणि हरल्यामुळे कुणी खालच्या लीगमध्ये ढकललाही जात नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ दरवर्षी खाली जातात. तिथे पराभवाला भीती असते. इथे पराभूत संघाची जागा गावातल्या मोक्याच्या प्लॉटसारखी आहे. त्यावर काही बांधा न बांधा, भाव चढतोच. शिवाय १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आणि ती बरीचशी अजून टिकून आहे. पिट्सबर्गमध्ये उद्या कुणी दुसरा चांगला संघ काढून याच लीगमध्ये उतरवू म्हणेल, तर मालकांच्या संमतीशिवाय ते शक्य नाही.

आता खेळाडूंकडे येऊ. इथे माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो, कारण स्कीन्स.

मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू मोकळा व्हायला, म्हणजे हवा तो संघ निवडायला, सेवेची सहा पूर्ण वर्षं लागतात. पहिली तीन वर्षं पगार जवळपास किमान दराचा असतो. २०२५ मध्ये हा दर ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं दोघांचं जमलं नाही तर लवादापुढे जायचं. संघ एक आकडा सांगतो, खेळाडू दुसरा, आणि लवादाला त्यातला एकच निवडावा लागतो. त्यानंतर बाजार खुला. ज्या वर्षी स्कीन्स नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला त्या वर्षी त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. वर बक्षिसाची रक्कम मिळते, पण ती सगळ्या लीगच्या सामाईक निधीतून.

आणखी एक खाच आहे. हंगाम साधारण १८६-१८७ दिवसांचा, आणि १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. मग संघ काय करतात? तयार झालेल्या मुलाला मुद्दाम दोन-तीन आठवडे खालच्या लीगमध्ये ठेवतात. दिवस १७२ च्या खाली राहतात, वर्ष मोजलं जात नाही, आणि सहाऐवजी जवळजवळ सात वर्षं तो स्वस्तात मिळतो. शिकागो कब्जनं २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला असंच उशिरा बोलावलं. त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसासाठी एक वर्ष गेलं. त्यानं तक्रार केली, २०२० मध्ये हरला.

२०२२ च्या करारात यावर एक उतारा आला. नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्ष द्यायचं, दिवस कितीही भरोत. स्कीन्स ११ मे २०२४ ला पहिल्यांदा खेळला, म्हणजे हंगाम सुरू होऊन सहा आठवडे झाल्यावर. तरी वर्षअखेरीस तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि ते वर्ष त्याचं धरलं गेलं. म्हणजे २०२९ चा हंगाम संपला की तो मोकळा. पिट्सबर्गमधला प्रत्येक चाहता ही तारीख मनात धरून सामना बघतो. तो चेंडू टाकत असताना आम्ही टाळ्या वाजवतो आणि त्याच वेळी हा किती दिवसांचा पाहुणा आहे ते मोजत असतो.

हे मोजणं अनुभवानं आलंय. पायरेट्सचा अँड्र्यू मॅकचन २०१३ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्या वर्षी वीस वर्षांचा दुष्काळ संपला. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर झाला. चाळीस हजार माणसं काळे कपडे घालून समोरच्या पिचरच्या, जॉनी क्वेटोच्या, नावाचा सुरात गजर करत होती. त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. गर्जना वाढली. पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिननं होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट सीमेपार धाडला. त्या रात्रीचं चित्रण मी किती वेळा पाहिलंय, सांगता येणार नाही. पायरेट्स ६-२ जिंकले. २०१५ मध्ये ९८ सामने जिंकले. आणि जानेवारी २०१८ मध्ये, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, गेरिट कोल ह्यूस्टनला आणि मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकला. करार संपायच्या आधी विकले की बदल्यात तरुण खेळाडू मिळतात. हिशेबानं ते बरोबर असेलही. पण ज्या पोराच्या खोलीत मॅकचनचा फोटो होता त्याला हा हिशेब कसा सांगायचा?

बाजारातून खेळाडू आणणं म्हणाल, तर डिसेंबर २०१६ मध्ये इव्हान नोव्हाशी तीन वर्षांचा २ कोटी ६० लाखांचा करार झाला. त्यानंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत बाहेरून आलेल्या एकाही मोकळ्या खेळाडूशी एक वर्षापेक्षा मोठा करार झाला नाही. नऊ वर्षं. घरच्या ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये आठ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर दिले, तो संघाच्या इतिहासातला पहिला दहा कोटींवरचा करार. ती चांगली गोष्ट होती आणि ती सांगायलाच हवी. पण १-० असा सामना हरताना स्कीन्सच्या मागे बॅटर कोण होते, याचं उत्तर त्या नऊ वर्षांत आहे.

हरण्यातून मिळतं काय, तर नवे खेळाडू निवडण्याचा आधीचा नंबर. दरवर्षी शाळा-कॉलेजांतल्या मुलांची निवड होते आणि त्यात तळाच्या संघांना आधी संधी. ह्यूस्टन २०११ ते २०१३ या तीन वर्षांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला, त्यातून तरुण फळी उभी केली आणि २०१७ मध्ये जगज्जेता झाला. त्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा, म्हणजे कसला चेंडू टाकायचा हे पिचरला सांगणारे इशारे, चोरल्याचं पुढे उघड होऊन त्या विजेतेपदाला डाग लागला, पण सगळ्यांनी धडा घेतला तो हरण्याचा. मुद्दाम हरणं रोखायला लीगनं सोडत आणली: सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या नंबराची प्रत्येकी १६.५ टक्के शक्यता. पहिली सोडत डिसेंबर २०२२ मध्ये झाली, ती पायरेट्सच्या नावानं निघाली, आणि त्या नंबरावर आला स्कीन्स. २०२१ मध्येही पहिला नंबर त्यांचाच होता. म्हणजे नशिबाची साथ नव्हती असं म्हणता येत नाही.

लहान शहर आहे, इलाज नाही, असं सांगितलं की मी मिलवॉकीचं नाव घेतो. टीव्हीच्या हिशेबानं ते पिट्सबर्गपेक्षाही लहान. २०२५ मध्ये ९७ विजय, तिसांत सगळ्यात जास्त. कॅन्सस सिटीनं २०१५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. टँपा बे दोनदा अंतिम फेरीत गेला. गरिबीतही हुशारीनं खेळाडू शोधता येतात, घडवता येतात, आणि हाती चार चांगले असले की योग्य वेळी हात सैल सोडता येतो. पायरेट्सला २०१३ ते २०१५ मध्ये हे जमलं होतं. म्हणूनच आता जमत नाही याचा त्रास जास्त होतो.

मग चाहत्यानं करावं काय? ३० जून २००७ ला काही लोकांनी ठरवून तिसऱ्या इनिंगनंतर उठून जाण्याचा निषेध केला. थोडेच उठले. ज्यानं तिकीट काढलंय, ज्याच्या मांडीवर मूल आहे, तो मध्येच कसा उठेल? ४ एप्रिल २०२५ ला, घरच्या पहिल्या सामन्याला, मैदानावरून विमान फिरलं, मागे फलक: बॉब, संघ विका. आत प्रेक्षक तेच ओरडत होते. सगळ्यात हुशार निषेध मला ओकलंडचा वाटतो. तिथल्या लोकांवर आरोप होता की तुम्ही येत नाही म्हणून संघ लास व्हेगसला नेतोय. त्यांनी उलटा बहिष्कार टाकला. १३ जून २०२३ ला, एका साध्या मंगळवारी, हिरवे टी-शर्ट घालून २७,७५९ माणसं आली आणि संघ विका म्हणून ओरडली. संघ त्या रात्री जिंकलाही. पाच महिन्यांनी तीसच्या तीस मालकांनी स्थलांतराला मंजुरी दिली.

पिट्सबर्गचं मैदान तर लोकांच्या पैशातून उभं राहिलंय. १९९७ मध्ये त्यासाठी विक्रीकर वाढवायचा का, असा कौल घेतला होता. मतदारांनी नकार दिला. मग दुसरी योजना आखून सरकारी पैसा लागलाच आणि २००१ मध्ये पीएनसी पार्क उघडलं. मैदान देखणं आहे, यात वाद नाही. नदी, पलीकडे उंच इमारती, आणि सामन्याच्या दिवशी वाहनं बंद करून फक्त पायी जाणाऱ्यांसाठी खुला होणारा पिवळा पूल. त्या पुलाला रोबेर्तो क्लेमेंटेचं नाव आहे. मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा क्रमांक २१ होता. पोर्तो रिकोचा हा खेळाडू १९७२ मध्ये बरोबर ३,००० हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठण्याच्या खेळी, पूर्ण करून थांबला. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. २०२५ च्या सुरुवातीला त्या भिंतीवरचं त्याचं २१ चं चिन्ह झाकून तिथे दारूची जाहिरात लावली गेली. गावानं आणि क्लेमेंटेच्या कुटुंबानं आवाज उठवल्यावर चिन्ह परत आलं. सामने हरल्याचा राग लोक गिळतात, हा गिळला नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. कॉलेजचा संघ जिंकला की मुलं "आपण जिंकलो" म्हणायची, हरला की त्यांच्या तोंडी "ते हरले" येण्याचं प्रमाण वाढायचं. माणूस पराभवापासून अंग काढून घेतो, हे स्वाभाविक आहे. पण मैदानात माझ्या शेजारी बसणाऱ्या सत्तरीच्या काकांना मी इतक्या वर्षांत एकदाही "ते हरले" म्हणताना ऐकलं नाही. आपण हरलो, आपण पुन्हा हरलो, आपल्याला बॅटर पाहिजे. गिरणी बंद पडली तेव्हाही ते गाव सोडून गेले नाहीत. संघ बदलणं म्हणजे काय असतं, हेच त्यांना कळत नाही. त्यांची चीड पराभवाची नाही. पराभवाचं जितकं त्यांना लागतं तितकं वर बसलेल्यांना लागत नाही, याची आहे. आणि वरचा सगळा हिशेब वाचल्यावर मला वाटतं, त्यांचा संशय खरा आहे. इथे हरण्याची किंमत चाहत्याशिवाय दुसरं कुणी भरत नाही.

१ डिसेंबर २०२६ ला सध्याचा सामूहिक करार संपतोय. पगाराला वरची मर्यादा हवी, असं मालकांच्या बाजूनं बोललं जातंय. खेळाडूंचा त्याला ठाम विरोध आहे. माझ्यासारख्याचं मागणं साधं आहे: वरची मर्यादा आणाल तर खालचीही आणा, गंगाजळीतून घेतलेला डॉलर कुठे गेला ते जाहीर करा, आणि जिंकून कमावलेल्यातला जास्त वाटा लहान संघाकडे राहू द्या. हरणं महाग करा, बाकी आम्ही बघून घेऊ.

गावाच्या पूर्वेला, विद्यापीठाच्या भागात, पायरेट्सच्या जुन्या मैदानाची, फोर्ब्स फील्डची, विटांची भिंत अजून उभी आहे. १३ ऑक्टोबर १९६० ला याच मैदानावर वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला. समोर न्यूयॉर्क यँकीज. त्या मालिकेत यँकीजनं एकूण ५५ धावा काढल्या होत्या, पायरेट्सनं २७. शेवटच्या इनिंगला ९-९ बरोबरी असताना पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीनं चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे मारला आणि पायरेट्स जगज्जेते झाले. १९८५ साली एक माणूस त्याच तारखेला त्या सामन्याच्या रेडिओ समालोचनाची टेप घेऊन या भिंतीपाशी एकटाच येऊन बसला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. हळूहळू लोक जमायला लागले, आणि आता दर १३ ऑक्टोबरला जमतात.

मी काकांबरोबर एकदा गेलो होतो. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी डबा आणला होता. टेप दुपारी एकला सुरू करतात, म्हणजे सगळं मूळ वेळेवर घडतं. आठव्या इनिंगला आपण पुढे गेलो तेव्हा काकांनी माझा दंड धरला. नवव्यात यँकीजनं बरोबरी साधली तेव्हा ते पुटपुटले, "आता बघ." निकाल ठाऊक असलेली माणसं श्वास रोखून उभी होती. ३ वाजून ३६ मिनिटांनी समालोचकाचा आवाज चढला, आणि आम्ही सगळे ओरडलो.